चार कुलपांची पेटी

सॅक्सनीतल्या लाइस्निग या छोट्या शहरातल्या चर्चच्या मंडळीने १५२३ मध्ये सार्वजनिक पेटीचे नियम लिहून काढले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्यांना प्रस्तावना लिहिली आणि ते छापून आणले. पेटीला चार कुलपे आणि चारही कुलपांच्या किल्ल्या वेगवेगळ्या: एक सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक शहरवासीयांकडे आणि एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघे एकत्र जमल्याशिवाय पैसा निघायचा नाही. चर्चच्या जुन्या देणग्यांचे उत्पन्न या पेटीत यायचे. त्यातून पाळकाचा पगार, शाळा, अनाथ, म्हातारे आणि आजारी यांची सोय, अडलेल्या कारागिराला उसने पैसे. भीक मागायला मात्र बंदी. दोनच वर्षांनी जर्मनीत शेतकऱ्यांचे बंड रक्तात बुडवले गेले, हे आठवले की शेतकऱ्याच्या हातातली ती चौथी किल्ली मला फार मोलाची वाटते.

पण नगरसभा देणग्यांची मालमत्ता सोडायला तयार होईना. ल्यूथरपंथी चर्चचे दुखणे इथेच दिसते. दानधर्माची व्यवस्था सत्तेच्या हाती राहिली, आणि सत्तेचे मन असेल तेवढीच ती चालली.

जिनिव्हात दुसरा धर्मसुधारक कॅल्विन याने वेगळी वाट धरली. १५४१ च्या नियमांत त्याने चर्चची चार पदे ठरवली: पाळक, शिक्षक, वडीलजन आणि डीकन. काही डीकनांनी पैसा सांभाळायचा, काहींनी गरिबांची आणि आजाऱ्यांची प्रत्यक्ष शुश्रूषा करायची. शहराचे इस्पितळ आधीपासून होतेच. कॅल्विनने त्या कामाला चर्चमधल्या पदाचा मान दिला. त्याच्या विचारातून निघालेल्या प्रेस्बिटेरियन परंपरेची बरीचशी समाजसेवा या पदातून वाढली आहे. जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १५६० मध्ये स्कॉटलंडसाठी आराखडा केला, त्यात दर चर्चमागे एक शाळा आणि गरिबांसाठी तरतूद होती. पुरेसा पैसा मिळाला नाही, तरी चर्चच्या दारात जमलेले दान वडीलजन गरिबांना वाटत राहिले. १८१९ मध्ये ग्लासगोत पाळक टॉमस चामर्सने आपल्या वस्तीचे पंचवीस भाग पाडून प्रत्येकाला एक डीकन नेमला. घरोघर जाऊन विचारपूस करण्याचा त्याचा आग्रह मोठा होता. पण करातून गरिबांना मदत देण्याला त्याचा विरोध होता, आणि तो मला कठोर वाटतो. गिरणी बंद पडली की शेजारीही उपाशीच असतो.

ल्यूथरपंथीयांना सेवा करणारी माणसे उभी करायला तीनशे वर्षे लागली. १८३६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या कैझर्सवर्थला थिओडोर आणि फ्रीडेरिके फ्लीडनर यांनी अविवाहित स्त्रियांना रुग्णसेवेचे शिक्षण देऊन 'डीकनेस' म्हणून घडवायला सुरुवात केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथेच शिकली.

पुढे दोन्ही परंपरा आपल्याकडे पोचल्या. ल्यूथरपंथी डॉक्टर ॲना कुगलर यांचे स्त्रियांचे इस्पितळ १८९८ मध्ये गुंटूरला उभे राहिले. त्याआधी, १८९४ मध्ये, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत इस्पितळ उघडले होते. तिथे डॉक्टर आणि परिचारिका घडवण्याचे काम त्यांनी इलाजाइतक्याच निष्ठेने केले, आणि पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. त्या आरोग्यधामाची वस्ती आजही वानलेसवाडी म्हणूनच ओळखली जाते.