डीव्हीआर : साठवणीची सोय आणि तिच्या मर्यादा

कार्यक्रम ज्या वेळी प्रक्षेपित होईल त्याच वेळी पाहिला पाहिजे, हे दूरचित्रवाणीचे बंधन प्रथम सैल केले ते व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरने. डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डरने, अर्थात डीव्हीआरने, ते जवळजवळ संपवले. या यंत्रात कॅसेटऐवजी हार्ड डिस्क असते. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारे यंत्रही याच नावाने ओळखले जाते. येथे विचार आहे तो घरातील दूरचित्रवाणीचा.

उगम

जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेत लास व्हेगास येथील प्रदर्शनात टिव्हो आणि रिप्ले टीव्ही ही दोन यंत्रे मांडण्यात आली. त्याच वर्षी बाजारात आलेल्या टिव्होच्या लहान मॉडेलची क्षमता १४ तासांची होती. भारतात ही सोय प्रामुख्याने डीटीएच सेवेमार्फत आली. टाटा स्काय कंपनीने (२०२२ पासून टाटा प्ले) २००८ मध्ये रेकॉर्डर असलेला 'टाटा स्काय प्लस' हा सेट टॉप बॉक्स आणला.

कार्यपद्धती

डिजिटल प्रक्षेपण घरी पोहोचते तेच मुळी संक्षिप्त केलेल्या आकड्यांच्या प्रवाहाच्या रूपात. डीटीएचचा बॉक्स हा प्रवाह डिस्कवर उतरवून घेतो. त्यामुळे कॅसेटप्रमाणे चित्राचा दर्जा खालावत नाही. चालू कार्यक्रमही काही काळ डिस्कवर साठत असल्याने क्रिकेटचा सामना मध्येच थांबवून पुन्हा तेथूनच पाहता येतो. बॉक्समध्ये दोन ट्यूनर असल्यास एक वाहिनी पाहताना दुसरीचे मुद्रण करता येते. प्रवाहाचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट असेल, तर तासाभराच्या कार्यक्रमाला सुमारे १.८ गिगाबाइट जागा लागते. ८ मेगाबिटच्या एचडी वाहिनीला तिच्या दुप्पट.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी कंपनीच्या बेटामॅक्स यंत्रासंबंधीच्या खटल्यात, नंतर पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण हा न्याय्य वापर ठरवला. हा निकाल पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताचा होता. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या वापरासाठी प्रक्षेपणाचे मुद्रण केल्यास प्रक्षेपण संस्थेच्या हक्काचा भंग होत नाही. मात्र त्या प्रती विकणे वा जाहीररीत्या दाखवणे या सवलतीत बसत नाही.

साठवले म्हणजे टिकले नव्हे

ग्राहकांचा खरा गैरसमज होतो तो येथे. सशुल्क वाहिन्यांचे मुद्रण बहुधा सांकेतिक स्वरूपात साठवले जाते आणि ते त्याच बॉक्सशी जोडलेले असते. डिस्क काढून संगणकाला जोडली किंवा पेन ड्राइव्ह दुसऱ्या बॉक्सला लावला, तरी चित्र दिसेलच असे नाही. बॉक्स बिघडला, बदलला किंवा वर्गणी थांबली, की वर्षानुवर्षांचा संग्रह हातचा जाऊ शकतो. जागा संपली की जुनी मुद्रणे आपोआप पुसणारे बॉक्सही असतात.

म्हणून यंत्र घेताना मुद्रण बाहेर काढता येते का, हे आधी विचारावे. जपायच्या कार्यक्रमावर 'पुसू नये' अशी खूण करण्याची सोय असल्यास ती वापरावी. प्रक्षेपण लांबण्याची शक्यता धरून मुद्रणाची वेळ काही मिनिटे पुढे वाढवावी. घरातील कोणाची मुलाखत किंवा गायन प्रसारित झाले असेल, तर डीव्हीआरवर विसंबून न राहता वाहिनीकडे किंवा निर्मात्याकडे प्रतीची मागणी करावी.

घरच्या मुद्रणाचे मोल

टिव्होने २०२५ मध्ये आपल्या रेकॉर्डरची विक्री थांबवली. आता बहुतेक कार्यक्रम इंटरनेटवर हवे तेव्हा पाहता येतात, हे खरे. पण हक्काची मुदत संपली की ते तेथूनही काढले जातात. प्रक्षेपण संस्थाही सारे जपतातच असे नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत बीबीसीने अनेक कार्यक्रमांच्या फिती पुसल्या. 'डॉक्टर हू' या मालिकेचे कित्येक भाग त्यामुळे चित्ररूपाने नाहीसे झाले. त्यांचा आवाज मात्र आजही ऐकता येतो, कारण काही प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. ती टेप कोणत्याही यंत्रावर वाजत होती. डीव्हीआरमधील मुद्रणाला नेमकी हीच मुभा नसते.