मुक्त आज्ञावलींचे परीक्षण : 'लिंट'पासून जीसीसीपर्यंत

अकोला-अमरावतीच्या कापूस-व्यापारात 'लिंट' म्हणजे सरकी वेगळी केल्यावर हाती येणारी रुई. येथे तिलाच मोल. संगणकशास्त्रात मात्र हा शब्द नेमक्या उलट अर्थाने आला. बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेतील आज्ञावलींचे दोष दाखविणारे एक साधन रचले आणि कापडाला चिकटणाऱ्या निरुपयोगी तंतूंवरून त्यास 'लिंट' हे नाव दिले. आज्ञावली न चालविता केवळ तिचा लेख तपासून दोष हुडकण्याच्या या रीतीस स्थिर विश्लेषण म्हणतात.

या रीतीस मूलभूत मर्यादा आहे. दिलेली आज्ञावली केव्हातरी थांबेल किंवा नाही, हे सर्व बाबतींत ठरविणारी एकच पद्धती असू शकत नाही, हे ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते. सारे दोष पकडणारे आणि तरीही एकही खोटा इशारा न देणारे सार्वत्रिक साधन म्हणूनच संभवत नाही. परिणामी, साधनाच्या इशाऱ्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न अखेर मानवी निर्णयाचाच उरतो.

मुक्त स्रोताच्या आज्ञावलींमुळे हा निर्णय सर्वांसमक्ष होऊ लागला. स्टॅनफर्ड येथील डॉसन एंग्लर व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये लिनक्स, ओपनबीएसडी इत्यादी प्रणालींत सुमारे ५०० दोष दाखवून दिले. लिनक्सच्या गाभ्यासाठी लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००३ मध्ये 'स्पार्स' हे साधन लिहिले. पुढे २००६ मध्ये अमेरिकन शासनाच्या अर्थसाहाय्याने कव्हेरिटी या कंपनीचे साधन अनेक मुक्त प्रकल्पांवर चालविण्यात येऊ लागले. येथे एक विसंगती होती : तपासली जाणारी आज्ञावली खुली, परंतु तपासणारे साधन बंद. ओपनएसएसएलमध्ये २०१२ पासून दडलेला 'हार्टब्लीड' दोष २०१४ मध्ये उघडकीस आला, तो या साधनाच्याही नजरेतून सुटलेला होता.

परीक्षकाचेही परीक्षण व्हावयाचे, तर त्याची रचना खुली हवी. या दृष्टीने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील कार्य लक्षणीय आहे. आज्ञावलीतील माहितीच्या प्रवाहाच्या विश्लेषणाचा व्यापक सिद्धान्त उदय खेडकर व धनंजय ढमढेरे यांनी १९९४ मध्ये मांडला. खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा याच विषयावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सिद्धान्त केवळ ग्रंथात न ठेवता त्यांनी जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये चालणारा विश्लेषकही सिद्ध केला. त्यामुळे विद्यार्थ्याला सूत्र आणि त्याचे प्रत्यक्ष रूप शेजारीशेजारी ठेवून पडताळता येते. जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीत, २०२० मध्ये, दोषशोधक विश्लेषक अंगभूत झाला.

या चार दशकांचा निष्कर्ष एवढाच की, साधनाने मौन पाळले म्हणजे आज्ञावली निर्दोष ठरली, असे नव्हे. आणि त्याने इशारा दिला म्हणजे दोष सिद्ध झाला, असेही नव्हे. रुई कोणती आणि कचरा कोणता, हे अखेर पारख्यालाच ठरवावे लागते; ती पारख पडताळून पाहण्याची मुभा मात्र खुल्या साधनानेच मिळते.