‘आप की जय’: मोरवडची आरती आणि सुटलेली दारू

१९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवड (आजचे रंजनपूर) येथे दर सोमवारी आरतीला हजारो भिल्ल जमू लागले. आरती करणारे गुलाम महाराज स्वतः भिल्लच होते. दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, एवढेच त्यांचे सांगणे. हा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

दारू सोडणे सोपे का नव्हते? मोहाची दारू देवाला लागे, पितरांना लागे, लग्नाला लागे. एकट्याने ती नाकारणे म्हणजे जवळजवळ जातगंगेतून उठणेच. त्यात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली आणि गिऱ्हाईक मक्तेदाराच्या दुकानाकडे वळले. पूर्वी रानातल्या फुलांची होणारी दारू आता पैशाने विकत घ्यावी लागे. कर्ज, गेलेली जमीन, मग सालदारकी, ही वाट पुढे ठरलेलीच. सरकारला मात्र महसूल मिळे.

नाखुशांना वळवण्याची महाराजांची रीत इथेच वेगळी दिसते. नेम एकट्याचा राहिला नाही, सगळ्या पाड्याचा झाला. त्यामुळे न पिणारा एकाकी पडेना. शिवाय प्रत्येकाने दुसऱ्याला ‘आप’ म्हणायचे. मालकाकडून जन्मभर ‘अरे-तुरे’ ऐकलेल्या माणसाला हा शब्द काय वाटला असेल! चळवळीची वर्णने स्नान आणि मद्यत्यागावर थांबतात. खरे बळ या एका शब्दात होते.

अशी लाट नवी नव्हती. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासींत देवीच्या नावाने हेच आदेश फिरले होते. मुंबई शहरातली सरकारी दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ ची, म्हणजे मोरवडच्या मागून आलेली.

गुलाम महाराज १९३८ मध्येच वारले. बंधू रामदास महाराजांनी आरती चालू ठेवली; एवढी माणसे एकत्र येतात याचीच सरकारला धास्ती वाटली आणि त्यांना हद्दपारी भोगावी लागली.

पुढे १९७२ मध्ये शेजारच्या शहादा तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली. तिचे नेते अंबरसिंग महाराजही भजनांतूनच पुढे आलेले. या वेळी मात्र पुढाकार बायकांचा होता. त्यांनी गुत्त्यांत शिरून दारूची मडकी फोडली, आणि पिऊन मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत माफी मागायला लावली.