लाखोरीची डाळ आणि अधू पाय: एक जुनी गोष्ट

"डॉक्टरसाहेब, घरची लाखोरी आहे, खाल्ली तर चालते का? पाय तर जात नाहीत ना?" फाल्गुनात नवी लाखोरी घरात आली की भंडाऱ्याच्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे, म्हणून थोडे मागे जाऊ या.

आपल्या धानपट्ट्यात लाखोरी कशी येते हे तुम्ही पाहिलेच असेल. धान कापणीला आले की बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात दाणे फेकायचे, यालाच उतेरा म्हणतात. त्याला नांगरणी लागत नाही आणि वेगळे पाणीही लागत नाही. थंडीत कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, पुढे भातावर घट्ट वरण आणि पिठाचे वडे. माझी आई डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायची. का फेकतेस असे विचारले की म्हणायची, "अशीच करतात."

आता सागरची गोष्ट. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याने ती लिहून ठेवली आहे. १८२९ मध्ये तिथे गारपिटीने गहू गेला, पुढची वर्षेही वाईट गेली. शेतात टिकली ती फक्त लाखोरी, आणि लोक तिच्यावरच जगले. १८३३ पासून धडधाकट तरुणांचे पाय अचानक निकामी होऊ लागले. आपल्या आयुर्वेदात या आजाराला 'कलायखंज' असे नाव फार आधीपासून आहे. युरोपातही तेच घडले. दुसऱ्या महायुद्धात वाप्नियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना मुख्यतः हेच दाणे खायला दिले गेले आणि शेकडोंचे पाय लुळे पडले. कारण ओळखले ते कैद्यांपैकीच एक डॉक्टर आर्थर केसलर यांनी.

१९६० च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी दाण्यातले विष वेगळे केले. त्याला थोडक्यात 'ओडॅप' म्हणतात. मेंदूकडून पायांकडे हालचालीचा निरोप नेणाऱ्या पेशींना ते इजा करते. पाय ताठ होतात, रुग्ण चवड्यांवर चालतो, गुडघे एकमेकांना घासतात. संवेदना आणि बुद्धी शाबूत राहते. गेलेली ताकद मात्र परत येत नाही, त्यावर औषध नाही. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात.

१९६१ मध्ये केंद्र सरकारने या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. मला यात एक गोष्ट खटकते. त्याच काळात रीवा भागात सालदार मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळायचे, म्हणून आजार त्यांच्यातच जास्त होता. दोष डाळीचा होताच, पण मजुरीचाही होता. बंदीने डाळ बाजारातून गेली, शेतातून गेली नाही. तूर डाळीत आणि बेसनात तिची भेसळही होत राहिली. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध कित्येक वर्षे लढा दिला. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण आले आणि २०१६ मध्ये तज्ज्ञ समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला.

मग तुमच्या प्रश्नाचे उत्तर काय? भात, भाजी, इतर डाळी असलेल्या ताटात कधीमधी लाखोरीचे वरण आले तर मी घाबरवत नाही. रोजच्या जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा जास्त लाखोरीचाच, तोही दोन-तीन महिने, असे झाले की धोका सुरू होतो. ओडॅप पाण्यात विरघळते, म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात शिजवा. आईचे बरोबर होते, कारण तेवढे मला एमडीला कळले. घरात कोणी बरेच दिवस लाखोरी खात असेल आणि पोटऱ्या ताठ वाटू लागल्या, चालताना अडखळू लागले, तर डाळ त्याच दिवशी बंद करा आणि त्यांना दाखवायला आणा.