कौल घ्यावा कसा?

समजा, बुलढाण्याच्या एका शाळेत सहलीचे ठिकाण ठरवायचे आहे. ४० विद्यार्थ्यांपैकी १५ जणांना लोणार हवे, १३ जणांना शेगाव आणि १२ जणांना सिंदखेडराजा. लोणार जिंकले असे आपण म्हणतो; पण उरलेल्या २५ जणांनी दुसरे काही मागितले होते, ते हिशेबात येतच नाही.

अशीच अडचण २००३ साली पायथन या संगणकभाषेत आली. आमच्यासारखे संशोधक रोज वापरतात ती ही भाषा सर्वांना खुली आहे. तीत सुधारणा कोणीही सुचवू शकतो. २००० सालापासून मोठ्या सूचना क्रमांक घातलेल्या लेखी प्रस्तावांतून मांडल्या जातात. त्यांत कारणे, पर्याय आणि आक्षेप नोंदवतात. नामंजूर प्रस्तावही जपून ठेवतात, म्हणजे तोच वाद पुन्हा पहिल्यापासून घालावा लागत नाही.

प्रस्ताव क्रमांक ३०८ होता 'अमुक असेल तर हे, नाहीतर ते' असे थोडक्यात लिहिण्याच्या सोयीचा. चर्चेनंतर मतदान झाले. सोय हवी असा सर्वसाधारण कल दिसला, पण तिच्या कोणत्याही एका रूपाला बहुमत मिळेना. प्रस्ताव फेटाळला गेला. अखेर २००५ साली भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी स्वतःच एक रूप निवडले. पुढे २०१८ साली दुसऱ्या एका प्रस्तावावरील कडवट वादानंतर त्यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. २०१९ पासून पाच जणांचे निवडून आलेले मंडळ ते काम पाहते.

डेबियन या खुल्या प्रकल्पाने १९९८ च्या आपल्या घटनेत निराळी वाट धरली. मतदाराने पर्याय पसंतीक्रमाने लावायचे आणि मोजताना पर्यायांच्या जोड्या ताडायच्या. ही कल्पना फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी १७८५ साली मांडली होती. आपल्या सहलीत लोणारवाल्यांची आणि सिंदखेडराजावाल्यांची दुसरी पसंती शेगाव असेल, तर शेगाव लोणारला २५ विरुद्ध १५ आणि सिंदखेडराजाला २८ विरुद्ध १२ असे हरवते. मते तीच, निकाल मात्र बदलला!

डेबियनच्या मतपत्रिकेवर अनेक वर्षे 'आणखी चर्चा' हाही एक पर्याय असे. मराठी विकिपीडियावर चर्चेच्या जागेला 'चावडी' म्हणतात आणि मत आजमावण्याला 'कौल'. वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. आधी चावडी भरवावी, प्रत्येक आक्षेप फळ्यावर लिहावा, आणि मगच कौल घ्यावा. हरलेल्या मुलांनाही आपले म्हणणे फळ्यावर दिसले पाहिजे.