गरम झाला की थांब

रिचार्जेबल सेल घेताना माणूस सेलवरचा आकडा निरखून वाचतो आणि चार्जर मात्र सोबत फुकट मिळेल तो घरी आणतो. खरं तर उलटं करायला हवं. चांगला सेल वाईट चार्जरमध्ये लवकर मरतो, आणि साधाच सेल नीट चार्जरमध्ये वर्षानुवर्षं निघतो. याचं मूळ शंभराहून अधिक वर्षं जुन्या एका अडचणीत आहे: सेल भरला, हे बाहेरून कळायचं कसं?

मोटारीच्या बॅटरीला ही अडचण तितकीशी नव्हती. गॅस्टन प्लांटे या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांची बॅटरी केली, तिच्यातलं ॲसिड स्वतः कामात भाग घेतं. बॅटरी उतरली की ते पातळ होतं, भरली की घट्ट. गॅरेजमधला मेकॅनिक काचेच्या नळीत ॲसिड ओढून आतला तरंगता काटा बघायचा आणि बॅटरी किती भरली ते सांगायचा. पण शिसं जड, ॲसिड सांडतं, आणि अशी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पत्र्यांवर पांढरा थर बसून कामातून जाते.

वाल्डेमार युंगनर या स्वीडिश संशोधकाला नेमकं हेच नको होतं. आतलं द्रावण पत्र्यांमध्ये फक्त ने-आण करील, स्वतः खर्च होणार नाही, अशी बॅटरी त्याला हवी होती. ॲसिडऐवजी त्याने अल्कली घेतली, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. धन बाजूला निकेल, ऋण बाजूला कॅडमियम. साल १८९९. द्रावण खर्च होत नसल्यामुळे ते थोडंसंच पुरतं, पत्रे एकमेकांच्या अगदी जवळ बसवता येतात. पुढे बोटाएवढा सेल निघाला तो या जवळिकीमुळेच. मात्र या सोयीबरोबर एक गैरसोयही आली. द्रावणाचा घट्टपणा बदलतच नाही म्हटल्यावर मेकॅनिकच्या नळीला वाचायला काही उरलं नाही.

अमेरिकेत एडिसन त्याच सुमारास निकेल आणि लोखंडाच्या बॅटरीमागे लागला होता. पेटंटवरून दोघांची जुंपली, आणि पैशाचं बळ कोणाकडे होतं हे सांगायला नको. एडिसनची पहिली बॅटरी गळू लागली, विक्री थांबवावी लागली, आणि सुधारलेली बॅटरी बाजारात यायला १९१० उजाडलं. युंगनरच्या बॅटऱ्या स्वीडनमध्ये ओस्कर्सहाम्न गावी बनत राहिल्या. लोकांच्या तोंडी एडिसनचं नाव राहिलं, पण घरात शिरलं ते युंगनरचं कूळ.

युंगनरची ही बॅटरी उघडी असे. भरत आली की आतून बुडबुडे येत, पाण्याचं विघटन होऊन ऑक्सिजन आणि हायड्रोजन बाहेर पडत. बुडबुडे दिसले की समजायचं, पोट भरलं. मग डिस्टिल्ड वॉटरची भर घालायची. कारखान्यात हे चाललं, पण खिशातल्या टॉर्चमध्ये बुडबुडे सोडणारा सेल कोण ठेवणार? तोंड बंद करावं तर आत वायू साठून सेल फुटायचा.

हा तिढा सोडवला तो बॅटरीवाल्याने नव्हे, मायक्रोफोनवाल्याने. बर्लिनचा गेओर्ग नॉयमान. स्टुडिओत आजही ज्या मायक्रोफोनचं नाव गायक आदराने घेतात, त्याच कंपनीचा हा संस्थापक. युद्धात बर्लिनच्या कारखान्यावर बॉम्ब पडल्यावर त्याने बिऱ्हाड थुरिंगियातल्या गेफेल गावी हलवलं होतं. १९४७ साली पूर्ण बंद निकेल-कॅडमियम सेल शक्य झाला तो त्याच्या युक्तीमुळे.

युक्ती अशी. ऋण बाजूची पट्टी मुद्दाम मोठी करायची, म्हणजे धन पट्टी आधी भरते. ती भरली की तिच्यावर ऑक्सिजन सुटू लागतो. ऋण पट्टीत अजून जागा शिल्लक असते, त्यामुळे तिच्यावर हायड्रोजन सुटत नाही. द्रावण जेमतेम ओल राहील एवढंच असल्यामुळे ऑक्सिजन मधल्या सच्छिद्र कापडातून वाट काढत ऋण पट्टीपर्यंत पोचतो आणि तिथे पुन्हा द्रावणात मिसळून जातो. एका टोकाला वायू तयार होतो, दुसऱ्या टोकाला जिरतो, सेल बंदच्या बंद. चार्जरमधून येणारी वीज आता साठत नाही, नुसती या फेऱ्यात फिरत राहते. ती कुठे तरी जायला हवी, म्हणून उष्णता होऊन बाहेर येते.

चार्जरमधून काढलेला सेल कोमट लागतो तो यामुळे. पूर्वीचे बुडबुडे गेले, त्यांच्या जागी ऊब आली. पुढचे चार्जर हळूहळू ही ऊब ओळखायलाच शिकत गेले.

पहिल्या घरगुती चार्जरांना तेवढीही अक्कल नव्हती आणि तिची गरजही नव्हती. सेलच्या क्षमतेच्या एक दशांश करंट सोडायचा आणि चौदा ते सोळा तास ठेवायचं, एवढाच नियम. पाचशे मिलिअँपिअर-तासांचा (एमएएच) सेल असेल तर पन्नास मिलिअँपिअर. कागदावर दहा तासांचं काम, पण वाटेत वीज वाया जाते म्हणून वरचे तास. एवढ्याशा करंटची ऊब कॅडमियमचा सेल निमूट सोसायचा. 'रात्री लावा, सकाळी काढा' हा सल्ला त्या काळचा. आजच्या अडीच हजारी सेलला तो लागू करणारे अजून भेटतात.

सेल पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करू नये, नाहीतर त्याला 'सवय लागते', हाही त्याच जमान्यातला समज. त्याचं मूळ उपग्रहांमध्ये आहे. पृथ्वीभोवती फिरताना दर फेरीत ठरावीक वेळ सावली, ठरावीक वेळ ऊन. कॅडमियमचे सेल नेमके तेवढेच उतरत आणि तेवढेच भरत. अशा काटेकोर फेऱ्यांनंतर व्होल्टेज खाली येतं असं आढळलं. घरातला रिमोट इतका शिस्तीचा कधीच नसतो. घरात सेल खराब होत ते बहुतेक अती चार्जिंगने, आणि खापर फुटे या 'सवयी'वर.

कॅडमियम गेलं ते विषारी म्हणून. जपानमधल्या तोयामा भागात जिंझू नदीत खाणीचं सांडपाणी मिसळलं, ते पाणी भातशेतीत गेलं, आणि माणसांची हाडं ठिसूळ होऊन मोडू लागली. त्या आजाराचं नाव इताई-इताई; रुग्णांच्या 'दुखतंय, दुखतंय' या कण्हण्यावरूनच ते पडलं. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. त्या दुर्दैवाचा बॅटरीशी थेट संबंध नव्हता, पण कॅडमियमला पर्याय हवा हे पक्कं झालं.

पर्याय योगायोगाने सापडला. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस चुंबकांवर काम चाललं होतं. समेरियम-कोबाल्टचं चुंबक हायड्रोजन पितं, असं तिथे लक्षात आलं. तिथून लँथेनम आणि निकेलच्या मिश्रधातूकडे गाडी वळली; ऋण पट्टीत कॅडमियमच्या जागी तो बसवता येण्याजोगा निघाला. हा धातू एवढा हायड्रोजन पोटात घेतो की त्याचं आकारमान जवळपास चतुर्थांशाने फुगतं. फुगायचं, आकसायचं, पुन्हा फुगायचं. थोड्याच फेऱ्यांत त्याचा भुगा होई. निकेलचा काही भाग काढून कोबाल्ट आणि सिलिकॉन घातलं की हे फुगणं आवरतं, हे फिलिप्सच्याच विलेम्स यांनी १९८४ मध्ये दाखवलं.

शुद्ध लँथेनम महाग. म्हणून कारखान्यांनी घेतलं 'मिशमेटल', म्हणजे दुर्मिळ मृदा धातू वेगळे न काढता तशीच ठेवलेली खिचडी. या खिचडीची कुळी आपल्या ओळखीची निघते. गॅसबत्तीच्या मँटलला थोरियम लागे, आणि ते ज्या मोनाझाइट वाळूतून काढत तिचा एक मोठा साठा त्रावणकोरच्या किनाऱ्यावर होता. थोरियम काढून उरलेल्या चोथ्याचं करायचं काय? ऑस्ट्रियाच्या आउअर फोन वेल्सबाख यांनी, ज्यांनी मँटल काढलं त्यांनीच, त्यातून लायटरचा चकमकीचा खडा बनवला. लग्नाच्या मांडवातली पेट्रोमॅक्स, सिगारेटचा लायटर आणि कॅमेऱ्यातला सेल ही अशी दूरची भावकी आहे.

निकेल-मेटल हायड्राइड सेल १९९० च्या सुमारास जपानी कंपन्यांनी बाजारात आणला. त्याच आकारात क्षमता जास्त, कॅडमियम शून्य. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा साधे अल्कलाइन सेल फ्लॅशच्या एकदम मोठ्या ओढीपुढे टेकीला येत. हे सेल मात्र टिकत.

पण चार्जरचं काम अवघड झालं. कॅडमियमचा सेल भरेपर्यंत थंड राहतो आणि भरल्यावर एकदम तापतो. हायड्राइडचा सेल हायड्रोजन पितानाच थोडा थोडा तापत असतो. भरल्यावर या ऊबेमुळे व्होल्टेज किंचित घसरतं, तेवढी घसरण ओळखून चार्जर थांबतो. ती कॅडमियममध्ये ठळक होती, इथे सेलमागे पाच-दहा मिलिव्होल्ट. दीड व्होल्टच्या आसपास चाललेल्या व्होल्टेजमध्ये हा एवढासा खड्डा शोधायचा. करंट फार कमी ठेवला तर तो दिसतच नाही. म्हणजे 'सावकाश चार्ज केलेलं बरं' हेही सरसकट खरं नाही. दोन हजारी सेलला पाचशे ते हजार मिलिअँपिअर दिले तर चार्जरला खूण नीट दिसते आणि काम अडीच ते पाच तासांत उरकतं.

दुसरी खोड गळतीची. भरून कपाटात ठेवलेला सेल महिन्याभरात पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त गमावून बसे. दिवाळीत भरलेले सेल संक्रांतीला कॅमेऱ्यात घालावेत तर कॅमेरा डोळे मिटायचा. पुष्कळ घरांत रिचार्जेबल सेलचं नाव खराब झालं ते तेव्हाच. नोव्हेंबर २००५ मध्ये सान्यो कंपनीने 'एनेलूप' आणला आणि ही खोड घालवली. मधलं कापड बदललं, कारण जुन्या कापडातून निघणारी नायट्रोजनयुक्त द्रव्यं दोन्ही पट्ट्यांमध्ये येरझारा घालत चार्ज खात होती. मिश्रधातूही बदलला, कोबाल्ट-मँगेनीज काढून. कंपनीचा दावा होता की वर्षभरानंतर ८५ टक्के चार्ज शिल्लक राहील. सेल दुकानातच भरलेला मिळू लागला. पुढे पॅनासोनिकने सान्यो घेतली, तेव्हा मक्तेदारी होऊ नये म्हणून ताकासाकीचा हा कारखाना फुजित्सुच्या एफडीके कंपनीकडे गेला. ब्रँड एकाचा, भट्टी दुसऱ्याची.

आज दुकानात उभं राहिल्यावर यातलं काय कामाला येतं? पेन्सिल सेलवर ४००० किंवा ५००० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल खाली ठेवा. या आकारात हायड्राइडची मजल सत्तावीसशे-अठ्ठावीसशेच्या पुढे जात नाही. आणि अडीच हजारीपेक्षा दोन हजारी सेल घरी बरा: क्षमता थोडी कमी, पण फेऱ्या कितीतरी जास्त आणि गळती कमी. चार्जर बघताना एवढी पारख पुरे. एकटा सेल घातला तर तो चार्ज करतो का? प्रत्येक खणाला स्वतंत्र दिवा आहे का? जोडीशिवाय न चालणारा चार्जर दोन सेलांना एकाच माळेत ओवतो. एक आधी भरतो आणि दुसऱ्याची वाट बघत तापत बसतो. प्लग काढेपर्यंत तांबडा दिवा तसाच जळत असेल, तर त्याने सेल भरल्याचं ओळखलेलं नाही, फक्त सेल बसवलाय एवढंच ओळखलंय.

वापरताना जोड्या फोडू नका. मार्करने सेलवर खरेदीचा महिना लिहा आणि चौघांना एकत्र नांदू द्या. नव्याबरोबर जुना घातला तर जुना आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून करंट रेटून त्याचे ध्रुव उलटे करतात. भिंतीवरच्या घड्याळाला हे सेल लावण्यात अर्थ नाही; ते इतकं कमी खातं की साधा सेलच वर्षभर निघतो. खेळणी, टॉर्च, वायरलेस माउस, फ्लॅश ही यांची खरी जागा. बीपी मोजायचं एखादं यंत्र या सेलचे १.२ व्होल्ट बघून 'लो बॅटरी' ओरडतं, तेव्हा सेलला दोष देऊ नका. आणि साधा जस्ताचा सेल उन्हात ठेवून थोडी धुगधुगी आणायची आपली जुनी सवय इथे चालवू नका. त्या सेलला ऊन मदत करतं, याला मारतं.

अलीकडे युएसबीची पिन थेट सेलमध्येच खुपसायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल निघालेत. आत लिथियमची सुमारे ३.७ व्होल्टची कुपी आणि तिला दीडवर उतरवणारी चिप. यांना ऊब वाचायची गरज नाही. लिथियमला ठरलेल्या व्होल्टेजवर थांबवायचं असतं आणि ते चिप बघते. यांच्यावर एमएएचऐवजी मिलिवॉट-तास छापतात, म्हणून आकडा मोठा दिसतो. दीडने भागा, ३००० चे २००० होतात. हायड्राइडच्या चार्जरमध्ये हे कधीही घालू नका. चिप नसलेला, थेट ३.७ व्होल्ट देणारा सेलही हुबेहूब याच आकारात मिळतो. तो खेळण्यात घातलात तर खेळणं जळेल. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये प्लॅस्टिकात गुंडाळलेला तीन सेलांचा जुडगा असेल तर तो बहुधा कॅडमियमचाच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी असे सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा घंटागाडीत न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, टोकांना चिकटपट्टी लावून.