खासगी समाजमाध्यमे आणि भाषणस्वातंत्र्य

अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती (१७९१) भाषणस्वातंत्र्याचे रक्षण करते ते सरकारपासून. खासगी कंपनीवर तिचे बंधन नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमधील कॅपिटॉलवर जमाव चालून गेला आणि दोनच दिवसांनी ट्विटरने अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते कायमचे बंद केले, तेव्हा हा भेद जगाला प्रकर्षाने जाणवला. गंमत म्हणजे, याच खात्यावर ट्रम्प यांनी टीकाकारांना ‘ब्लॉक’ करणे घटनाबाह्य आहे, असा निर्वाळा अपील न्यायालयाने २०१९ मध्ये दिला होता. अध्यक्षांना नागरिकाला रोखता येत नव्हते, कंपनीला मात्र अध्यक्षांना रोखता आले! (ट्रम्प पायउतार झाल्यावर, २०२१ मध्ये तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल केला.)

फेसबुकने बेमुदत बंदी घातली. कंपनीनेच नेमलेल्या देखरेख मंडळाने मे २०२१ मध्ये बंदी उचित ठरवली. पण ‘बेमुदत’ अशी शिक्षा कंपनीच्या नियमांत नाही, असा ठपकाही ठेवला. मग मुदत दोन वर्षे ठरली. आधी शिक्षा आणि मागाहून नियम, हा क्रम कोणत्याही न्यायव्यवस्थेला शोभणारा नव्हे. मर्यादा घालायची ती कायद्याने, कंपनीने नव्हे, अशी भूमिका जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी त्याच वेळी घेतली होती.

मालकी बदलताच नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने खाते खुले केले. ट्रम्प यांचा ट्विटरविरुद्धचा दावा त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयाने फेटाळला होता. तरीही जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकच्या ‘मेटा’ने त्यांच्याशी अडीच कोटी डॉलरची तडजोड केली.